उलट्या फेरीचा ग्रह

मधू,

तुझ्या तेराव्याला मी आलो होतो, पण पंगतीला बसलो नाही. लोकांना वाटलं, भिकाशेटचा राग अजून गेलेला नाही. बरोबरच वाटलं त्यांना. आठ महिने तुझ्याशी अबोला धरला आणि तो सोडायच्या आत तू निघून गेलास. आता हा राग कुणावर काढायचा? वखारीतल्या माणसांवर काढतो. ती बिचारी ऐकून घेतात.

तू गेल्याला दीड महिना झाला. मागच्या आठवड्यात तुझ्या कॉलेजच्या अंकाचे संपादक वखारीत आले. म्हणाले, "सरांच्या आठवणी द्या, दोन पानं. तुम्ही त्यांचे बालमित्र." मी म्हटलं, "त्याच्याविषयी नाही लिहिणार, त्याच्याशी बोलेन. आणि त्यातला एक शब्द कापायचा नाही." ते हो म्हणाले. दोन पानांची चार पानंही मी कबूल करून घेतली. घासाघीस केल्याशिवाय मला कुठलीच गोष्ट घेतल्यासारखी वाटत नाही, हे तुला ठाऊक आहे.

देवरूखजवळच्या आपल्या शाळेत सातवीपर्यंत तोंडी गणितात मी पहिला आणि तू दुसरा. हे मी आयुष्यभर तुला ऐकवलं, आता मेल्यावरही ऐकवतो. मग तू पुढे शिकायला गेलास आणि मी रत्नागिरीला लाकडाच्या वखारीत ओंडके उचलायला आलो. वीस वर्षांनी ती वखार माझी झाली. त्यासाठी काय काय केलं ते इथे सांगत नाही. कुणी मला हातात आणून दिली नाही, एवढंच. तू गणिताचा प्राध्यापक होऊन याच गावात आलास, आणि पहिल्यांदा भेटलास तो पुस्तकांसाठी फळ्या घ्यायला. मी साग दाखवला. तू म्हणालास, "आंब्याचं चालेल की रे."

"आंब्याला भुंगा लागतो, मेल्या. सहा महिन्यांत तुझं सगळं गणित खाऊन टाकील."

तू हसलास तेव्हा मला शाळेतला तू दिसलास.

आपलं खरं काम सुरू झालं ते धूमकेतू आला त्या वर्षी. एप्रिलातल्या एका पहाटे तू मला किल्ल्यावर घेऊन गेलास. मला वाटलं होतं, आगीचा लोळ दिसेल. दिसला तो धुरकट कापसासारखा एक पुंजका. मी वैतागलो. तू म्हणालास, "सगळे ग्रह सूर्याभोवती एका दिशेने फिरतात. हा मात्र उलटा येतो." मी विचारलं, "आणि परत येतो हे कशावरून? कोण त्याला बांधून ठेवतं?" तू एवढा खूश झालास की तिथेच जांभ्याच्या दगडावर बसून मला ओढ, वेग आणि फेरी समजावून सांगितलीस. मला निम्मं कळलं. उरलेलं कळलं नाही याचा राग आला, म्हणून मी दुसऱ्या दिवशी तुझ्या घरी आलो.

मे महिन्याच्या शेवटी, ढग यायच्या आधी, दिवेलागणीनंतर पुन्हा किल्ल्यावर उभं राहून तू दक्षिणेला पावस गावाच्या बाजूला बोट दाखवलंस. डोंगराच्या थोडा वर एक ठळक तारा होता. "तो मित्र नावाचा तारा. दिसतो एक, पण आहेत दोन सूर्य, एकमेकांभोवती फिरणारे." एका सूर्याच्या उन्हात माझी लाकडं तडकतात, दोन सूर्यांखाली काय होत असेल? मी विचारलं, "तिथे माणूस राहील काय?"

"माणूस कुठे राहील ते जमिनीवर ठरतं," तू म्हणालास. "आणि जमीन असेल की नाही, ते तिची वाट टिकते की नाही यावर. चल, मोजून बघू."

मोजून बघू! जसं काही वखारीतला ओंडका होता.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी तुझी पडवी. माझ्या पुतण्याने मस्कतहून आणलेला उजेडावर चालणारा कॅल्क्युलेटर माझा, कागद तुझा, चहा शालनवहिनींचा. तू एक सूर्यांची जोडी मनाने उभी केलीस. खऱ्या मित्राचे दोन सूर्य फार लांब आहेत, म्हणून आपण आपले जवळ आणले. थोरल्या सूर्याभोवती ग्रह आणि लांबून फिरणारा धाकटा सूर्य. थोरल्याभोवती तू हिरव्या पेन्सिलीने दोन वर्तुळं काढलीस. "याच्या आत गेला तर समुद्राची वाफ. त्याच्या बाहेर गेला तर बर्फ. मधल्या वाटेवर राहिला तरच तिथे कुणी जाळं टाकेल."

काम सोपं होतं आणि संपणारं नव्हतं. ग्रह आत्ता इथे आहे, असा चालला आहे. थोरला त्याला इतका ओढतो, धाकटा इतका. मग थोड्या वेळाने तो कुठे असेल? तिथे ठिपका. आणि पुन्हा पहिल्यापासून. ओढ तू काढायचास, कारण त्यात मुळं आणि घन होते. ती ओढ वेगात मिळवून नवा वेग आणि नवी जागा मी काढायचो. एका फेरीला चाळीस ठिपके. ढग आले की कॅल्क्युलेटर मालवायचा आणि आपण दोन सूर्यवाले एका सूर्याची वाट बघत बसायचो.

मधू, पहिला ग्रह गेला ती दुपार मला मरेपर्यंत आठवेल. सोळा फेऱ्या तो शहाण्यासारखा फिरला. प्रत्येक फेरी जरा लांबट होत होती, पण मला वाटायचं, असेल. सतराव्या फेरीत त्याने हिरवी रेघ ओलांडली. पुढच्या ठिपक्याला आणखी लांब. मग तो कागदाबाहेर गेला. तू कागदाला कागद चिकटवलास. तो त्याच्याही बाहेर गेला. आपण दोघे पडवीच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर बोटाने ठिपके दाखवत सरकत होतो, आणि शेवटी ग्रह पायऱ्या उतरून अंगणात गेला. वहिनी कपबशा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"काय झालं? कुणी गेलं का?"

"गेलं," तू म्हणालास.

मला रडू येईल असं वाटलं. कुणी त्याला ढकललं नव्हतं. प्रत्येक ठिपक्याला ओढ केवढीशी होती, मीच तर मिळवली होती. त्या केवढ्याशा ओढींनी मिळून एक अख्खं जग, त्याचे समुद्र, आपण मनात वसवलेले त्याचे किनारे, सगळं अंधारात लोटून दिलं. मी हिरमुसून म्हणालो, "मग उलटा फिरव त्याला. त्या धूमकेतूसारखा. धाकट्याला समोरून जाऊ दे."

तू पेन्सिल खाली ठेवलीस. "परत बोल."

"उलटा फिरव."

"भिक्या," तू सावकाश म्हणालास, "आपल्या आंबा घाटात एकाच दिशेने जाणाऱ्या दोन एसट्या असतात ना, त्या बराच वेळ एकमेकींना चिकटून चालतात. समोरून येणारी भुर्रकन निघून जाते. तसंच हे. उलटा गेला तर धाकट्याला त्याला ओढायला वेळच मिळणार नाही."

मग तेवढ्याच अंतरावर, तेवढ्याच वेगाने, फक्त दिशा बदलून, नवा ग्रह. वर्षभर रविवार. आणि तो टिकला, मधू! धाकटा सूर्य जवळ आला की त्याची वाट थरथरायची, हिरव्या रेघेला टेकायची, आणि आपण श्वास रोखून धरायचो. तो पुन्हा आत यायचा. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी बघितल्या. वादळात उभं राहिलेलं गलबत बघितलं. पण कुणी कधी न बघितलेला, बहुधा कुठेही नसलेला तो ठिपका तिसावी फेरी पुरी करून आपल्या जागी आला, तेव्हा मी कॅल्क्युलेटरला हात जोडले. तू चेष्टा केली नाहीस. तू त्या दिवशी मला तिथला दिवस सांगितलास: थोरला मावळतो, पण वर्षातल्या काही दिवसांत धाकटा तेव्हाच उगवतो, आणि रात्र अशी होतच नाही. नुसता तांबूस उजेड. माणसाला दोन सावल्या, एक ठळक, एक फिकी. मी परत जाताना रस्ताभर माझी एकुलती सावली बघत गेलो.

आणि मग तुझं ते व्याख्यान.

कॉलेजच्या हॉलमध्ये मी तिसऱ्या रांगेत होतो. इस्त्रीचा सदरा घातला होता. मुंबईहून मोठे साहेब आले होते, ते पुढे. तू फळ्यावर दोन सूर्य काढलेस, पहिला ग्रह कसा गेला ते सांगितलंस. मी थांबून राहिलो, आता माझं नाव येणार. तू म्हणालास, "मग एक दिवस सहज माझ्या मनात आलं, ग्रहाला उलटा फिरवून पाहू."

माझ्या मनात! मी उठलो तो खुर्ची मागे पडली. सगळ्यांनी वळून बघितलं. तूही बघितलंस. हातात खडू तसाच.

त्यानंतर तू दोनदा वखारीत आलास. पहिल्यांदा मी माणसाला सांगितलं, "शेट नाहीत म्हणून सांग." मी फळ्यांच्या थप्पीमागे बसलो होतो आणि माझे पाय तुला दिसत होते. तू पायांना म्हणालास, "बरं, आले की सांगा, मधू येऊन गेला." दुसऱ्यांदा मी ओंडके मोजत होतो, लपता आलं नाही. तू जवळ उभा राहिलास आणि विचारलंस, "फीत लावल्यावर इंचाच्या पुढे जो भाग उरतो, त्याचं तू काय करतोस रे?"

मला वाटलं, साहेब लोकांत बसून आलास आणि आता माझ्या मापात खोट काढतोस. मी म्हटलं, "सोडतो. वखारीत सगळेच सोडतात. लाकूड सुकलं की तेवढं आकसतंच. तुला काय त्याचं?"

"बरं," म्हणालास आणि गेलास. आपलं शेवटचं बोलणं हे. लाकडाच्या मापाचं.

तू एका सकाळी पडवीच्या पायरीवर बसल्या बसल्या गेलास. तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावलं आणि वह्यांचा गठ्ठा पुढे ठेवला. "भावोजी, हे तुम्हीच न्या. माझ्याच्याने बघवत नाही."

मी म्हटलं, "मला काय करायचंय? त्याच्या मनात आलेलं आहे ते सगळं."

वहिनी चिडल्या. त्यांना चिडलेलं मी पहिल्यांदा बघितलं. "त्या दिवशी ते जेवले नाहीत, ठाऊक आहे? म्हणाले, भिक्याचं नाव जिभेवर आलं होतं. समोर ते मुंबईचे साहेब बघितले आणि गिळलं. वखारवाल्याबरोबर गणित करतो म्हटलं तर हसतील, असं वाटलं म्हणाले. लाज वाटली हो त्यांना. आणि मग त्या लाजेची लाज वाटली. तुम्ही पाय लपवून बसलात!"

मी वह्या घेऊन आलो.

पहिल्या वह्या आपल्या ओळखीच्या. पण माझ्या प्रत्येक रकान्यात तू शेवटच्या आकड्याखाली लाल टिंब दिलं होतंस. पानामागून पानं, लाल टिंबं. मला कळेना. मग एके ठिकाणी तुझ्या बारीक अक्षरात ओळ दिसली: "भिकू पाचवा आकडा सोडून देतो. कधीच वाढवत नाही."

मधू, आपण चार आकडे ठेवायचे असं ठरलं होतं. पाचवा मोठा असला तर चौथा एकाने वाढवायचा, हे शाळेत आपण दोघेही शिकलो होतो. पण तीस वर्षं फीत हातात धरून मी उरलेला भाग सोडत आलो. हाताला तेच वळण. दर ठिपक्याला मी ग्रहाचा वेग केसाएवढा कमी करत होतो. शेकडो ठिपके. जणू कुणी त्याला मागून हलकेच धरून थोरल्या सूर्याकडे सरकवत होतं, धाकट्यापासून लांब, सुरक्षित. आपला उलटा ग्रह टिकला तो स्वतःच्या बळावर, की माझ्या वखारीच्या सवयीने? तुला ते कळलं, मला विचारून तू खात्री केलीस, आणि मला एका शब्दाने न सांगता पहिल्या ठिपक्यापासून सगळं पुन्हा मांडलंस. एकट्याने. रोज पाच-सहा ठिपके. शेवटच्या वहीत तो अठ्ठाविसाव्या फेरीत होता. शेवटच्या ओळीत ओढ लिहिलेली होती. माझा रकाना रिकामा.

वहीत एक घडी घातलेला कागद होता, कुठल्याशा मासिकाला पाठवायच्या टिपणाचा मसुदा. वर दोन नावं, माझं आधी. आत लिहिलं होतं: "उलट्या फेरीची कल्पना भिकाजी यांची. पहिल्या आकडेमोडीत झालेली चूक माझी." आणि शेवटचं वाक्य अर्धं, "म्हणून असा ग्रह" एवढंच. पुढे कागद कोरा.

मी रागाने लाल झालो. अजून आहे. तू माझं होतं ते परत दिलंस, ठीक. पण चूक तुझी कशी? ती माझी आहे. माझ्या हाताची, माझ्या धंद्याची, तीस वर्षं घोटलेली. व्याख्यानात तू माझी कल्पना घेतलीस, मसुद्यात माझी चूक घेतलीस. माझं काहीतरी तुझ्याकडे असल्याशिवाय तुला चैन पडत नव्हतं काय? माझ्या तोंडावर का नाही सांगितलंस? मी ओरडलो असतो, लाकूड फेकलं असतं, आणि संध्याकाळी पडवीत येऊन बसलो असतो. एवढं तरी तू मला ओळखायला हवं होतंस. आणि मी तुला. लाल टिंबं दाखवायलाच तू आला असशील, आणि मी थप्पीमागे होतो.

म्हणून इथे, छापील कागदावर, तुझ्या विद्यार्थ्यांसमोर सांगतो: ग्रह उलटा फिरवायचं मला सुचलं. तो का टिकेल ते मधूला कळलं, मला नाही. चूक माझी, आणि ती पकडली मधूने.

आता पुढचं. मी तो रिकामा रकाना भरला. ओढ काढायची मला येत नव्हती, तुझ्या जुन्या पानांवरून शिकलो. दुपारी वखार बंद करून तुझ्या पडवीत बसतो. वहिनी आकडे वाचतात, मी मांडतो. त्यांचं माझ्यावर बारीक लक्ष असतं. "भावोजी, पाचवा बघा. सात आहे."

"बघितला हो."

"नाही बघितलात. चौथा वाढवा."

एकोणतिसावी फेरी झाली. तुझ्या वहीतला ग्रह माझ्या आधीच्या ग्रहापेक्षा जरा बाहेरून फिरतो. त्याला मागून कुणी धरलेलं नाही, ते दिसतं. तिसाव्या फेरीत धाकटा सूर्य समोरून आला. ठिपका रेघेकडे सरकला. वहिनींचा आवाज बारीक झाला. अंगणात ऊन एवढं स्वच्छ होतं की कॅल्क्युलेटरचे आकडे शाईने काढल्यासारखे दिसत होते. मी एकेक आकडा पुरा लिहिला. ठिपका रेघेला टेकला, पुढचा तिथेच, त्याच्या पुढचा केसभर आत. मग आणखी आत. वहिनी म्हणाल्या, "वळला?" मी मान हलवली. कोण आपण, पडवीत बसलेले, पेन्सिलीचं टोक झिजवणारे, आणि कुठे ते दोन सूर्य, आणि तरी तो आपल्या बेरजेप्रमाणे वळला, कुणीही न धरता. एवढं मोठं काही माझ्या हाताखालून गेलं आणि मला त्याचं टोकसुद्धा पुरतं दिसलं नाही.

पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. शंभराव्या फेरीत जाईलही. तू असतास तर म्हणाला असतास, मोजलं तेवढंच बोल.

काल मसुदा पुढे घेतला. चूक कुणाची या वाक्यातलं "माझी" खोडून माझं नाव घातलं. तुझ्या अर्ध्या वाक्यापाशी बराच वेळ थांबलो. लेखणी माझ्या हातात होती, विचारायला कुणी नव्हतं, आणि शेवटचे ठिपके तर मीच काढले होते. मी लिहिलं:

"म्हणून असा ग्रह, आम्ही मोजलं तिथवर, आपली वाट सोडत नाही."